एरंडेलापासून मेणापर्यंत

तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरचा खंडोबा वर्षातले सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गात मुक्कामाला असतो. पौष पौर्णिमेला नळदुर्गची मोठी यात्रा. बैलगाड्यांच्या काळात दूरच्या वाटेला निघायचं म्हणजे आधी चाक उतरवून आसाला वंगण देणं आलंच, आणि वंगण म्हणजे एरंडेल.

हे तेल उगाच निवडलेलं नव्हतं. त्यातल्या मेदाम्लांत सुमारे ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असतं. त्यामुळे ते दाट राहतं, धातूला घट्ट चिकटतं आणि भाराखाली सहज निसटत नाही. मोटेच्या कातड्याला आणि वहाणांनाही हेच पाजत, कारण त्याने चामडं मऊ राहतं.

पहिल्या महायुद्धात हेच तेल आकाशात गेलं. विमानांच्या फिरत्या रोटरी इंजिनांत पेट्रोलची वाफ वंगणाला भिडत असे. खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून पातळ होई, एरंडेल सहजी विरघळत नसे. न जळलेलं तेल मागे उडून वैमानिकांच्या नाकातोंडात जाई आणि पुढे व्हायचं ते पोटात होई! त्याआधीच, १९०९ साली, चार्ल्स वेकफिल्ड यांच्या कंपनीने एरंडेल मिसळलेलं ‘कॅस्ट्रॉल’ बाजारात आणलं होतं.

मग यंत्रांत रबर आलं आणि वंगणाची परीक्षा बदलली. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगतं, सैल पडतं. म्हणून मोटारींच्या सुरुवातीच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण भरत. धातूचं घर्षण कमी झालं एवढ्यावर आता भागत नव्हतं, शेजारचं रबरही शाबूत राहायला हवं होतं.

थंड समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्याच्या, अंग कोरडं ठेवणाऱ्या ड्रायसूटची चेन याच परीक्षेला बसते. तारकर्लीच्या कोमट पाण्यात तो सूट लागत नाही. उत्तरेकडच्या समुद्रांत मात्र चेन गळली की बर्फासारखं पाणी आत शिरतं. या सुटाच्या मनगटाच्या आणि गळ्याच्या पट्ट्या अनेकदा नैसर्गिक लॅटेक्सच्या असतात. व्हॅसलिन आणि इंजिनचं ग्रीस त्यांना खातं. एरंडेल रबराला त्या मानाने सौम्य, पण चिकट. गाडीच्या आसावर ते धूळ धरतं तसं चेनच्या दातांत वाळू धरील.

म्हणून धातूच्या दातांची चेन आधी मऊ ब्रशने झाडावी, मग बंद करून बाहेरच्या दातांवर मधमाशीचं किंवा पॅराफिनचं मेण घासावं. प्लास्टिकच्या चेनला उत्पादकाने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीस थोडंसंच लावावं. सिलिकॉनचा फवारा मात्र सुटावर कुठेच मारू नये. तो कापडावर बसला की पुढे दुरुस्तीचा गोंद तिथे धरत नाही.