खानदेशी परसातलं टमाट्याचं सूप

खानदेशी भरताला टमाटा लागत नाही. आसोदा-बामणोदकडची वांगी काड्यांच्या जाळावर भाजायची, बडगीत ठेचायची, मग हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. आमटीला आंबटपणा हवाच असेल तर चिंच आहे, कैरी आहे. वांग्याच्याच कुळातला असूनही टमाटा या चुलीपाशी फार उशिरा पोचला, आणि त्याचं सूप त्याहूनही उशिरा.

मूळचा तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा. मेक्सिकोत तो शेतात आला, सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी युरोपात नेला आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे उतरला. पण उतरणं वेगळं आणि रुजणं वेगळं. जॉर्ज वॉट यांनी 1889पासून भारतातल्या उपयुक्त वनस्पतींचा कोश छापायला घेतला, तेव्हाही टमाटा मुख्यतः गोऱ्या लोकांसाठीच पिकवला जातो, अशीच नोंद त्यांना करावी लागली. बंगाली आणि ब्रह्मी लोक तेवढे तो आंबट कालवणात घालत.

आपल्या भागात गोऱ्यांचं ताट म्हणजे भुसावळ. 1860च्या दशकात रेल्वे इथवर आली, नागपूरचा आणि जबलपूरचा फाटा इथंच फुटला, साहेबांची वसाहत उभी राहिली. रेल्वेच्या उपाहारगृहांतलं इंग्रजी जेवण सुपानं सुरू व्हायचं: लोण्यावर मैदा परतून दाट केलेलं, बशीत वाढलेलं. पातळ आणि आंबट पदार्थ आपल्याला नवे नव्हते. कढी, रस्सी आपण भाकरी कुस्करून खातच होतो. पण जेवणाआधी नुसतं पिण्याचं काहीतरी वाढायचं, ही रीत माझ्या मते रेल्वेनंच आणली. ती रेल्वेनं अजून सोडलेली नाही. 2019मध्ये मुंबई-दिल्ली राजधानी जळगावमार्गे धावू लागली, त्या गाडीतही जेवणाआधी टमाट्याचं सूप आणि काड्यांसारखे कडक ब्रेड मिळतात.

दुसरी शाखा डब्याची. 1897 साली अमेरिकेत जॉन डोरन्स या रसायनशास्त्रज्ञानं कॅम्पबेल कंपनीसाठी पाणी आटवलेलं सूप तयार केलं. आजची पाकिटंही त्याच घराण्यातली. त्यांच्याबद्दल मला फारसं सांगायचं नाही.

सांगायचंय ते परसातल्या सुपाबद्दल, कारण ते खानदेशच्या हवेनं घडवलंय. टमाट्याचा लाल रंग लायकोपीनचा. पारा 30 अंशांपुढे गेला की ते बनणं मंदावतं, पिवळसर कॅरोटीन मात्र बनत राहतं. भुसावळला मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकतो. तेव्हा फूल गळतं आणि जे फळ धरतं ते नारिंगीच राहतं. धुळ्या-जळगावची थंडी मात्र चांगली कडक. पावसाळा सरता सरता लावलेली रोपं पौष-माघात लालबुंद फळं देतात. म्हणून आपल्याकडे हे सूप हिवाळ्याचं. उन्हाळ्यात त्यात गाजर-बीट घालून रंग आणावा लागतो, आणि चव बदलते.

जातीनंही फरक पडतो. दिल्लीच्या संशोधन संस्थेची पुसा रुबी रसाळ आणि आंबट. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची भाग्यश्री गराची, कमी बियांची आणि गडद लाल. बाजारातला लांबट, जाड सालीचा टमाटा दूरच्या वाहतुकीसाठी निवडलेला. त्याचं सूप पचपचीत होतं. गावठी, खाचा पडलेला टमाटा दिसायला ओबडधोबड, पण पातेल्यात तोच खरा.

करणं सोपं. पूर्ण पिकलेले टमाटे, चार लसूण पाकळ्या, एक कांदा, झाकण ठेवून स्वतःच्याच पाण्यात शिजवायचे. कल्हई उडालेल्या पितळेत मुळीच नको, कळकतं. मिक्सर फिरवून चाळणीतून गाळायचं, म्हणजे साल आणि बिया वर राहतात. मग तुपात जिरं तडतडवून ओतायचं, मीठ, मिरपूड, चिमूटभर गूळ. इथं लोणी-मैदा केव्हाच सुटले. जिऱ्याची फोडणी आली आणि साहेबाचं सूप आपल्या साराच्या पंक्तीला बसलं. कॉर्नफ्लोअर घालू नका. गर चांगला असेल तर दाटपणा त्याचाच येतो.

पुढच्या हिवाळ्यासाठी झाडावरचं सर्वांत चांगलं फळ बियांसाठी राखून ठेवा. संकरित वाणाचं नको, त्याचं बी मूळ गुण धरत नाही. गर वाटीत दोन दिवस आंबू द्यायचा, म्हणजे बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटतं. धुऊन, राख चोळून, सावलीत वाळवायचं आणि पुडीवर वाणाचं नाव लिहून ठेवायचं.