मूळ पत्र न्या, नक्कल ठेवा

१८१५ साली व्हर्जिनियातल्या वुडलॉन या मळ्यावर विल्यम ब्यूएल स्प्रेग नावाचा विशीतला तरुण मुलांना शिकवायला येऊन राहिला. घर मेजर लॉरेन्स लुईस यांचे, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या भाच्याचे. वॉशिंग्टन यांचे दप्तर मात्र वारशाने गेले होते पुतण्याकडे, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश बुशरॉड वॉशिंग्टन यांच्याकडे. स्प्रेगने त्यातली पत्रे नेण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. अट एकच: जे मूळ पत्र न्याल त्याची नक्कल जागेवर ठेवा. स्प्रेगने सुमारे १,५०० पत्रे नेली. अमेरिकेतल्या नामवंतांची सहीची पत्रे जमवण्याच्या छंदाचा माग काढत गेले की पाऊलवाट या दप्तराशी येऊन थांबते.

बुशरॉड यांच्या लेखी पत्र म्हणजे मजकूर. तो घरात उरला की झाले. स्प्रेगला हवा होता प्रत्यक्ष कागद, ज्यावरून त्या माणसाचा हात फिरला होता. ही ओढ मला पूर्ण समजते. पण तिने दप्तरे फोडली, हेही तितकेच खरे.

सर्वांत जिव्हारी लागणारे उदाहरण जॅरेड स्पार्क्स यांचे. वॉशिंग्टन यांच्या लेखनाचे १२ खंड त्यांनी संपादित केले, त्यामुळे त्या काळात या कागदांची त्यांच्याइतकी जाण क्वचितच कुणाला असेल. पहिल्या शपथविधीसाठी तयार झालेला, पण वापरला न गेलेला भाषणाचा एक लांबलचक मसुदा त्यांच्या हाती आला. अक्षर वॉशिंग्टन यांचेच. तो छापण्याजोगा नाही असे ठरले आणि स्पार्क्स यांनी त्याची पाने कापून, आठवण म्हणून तुकडे मागणाऱ्यांना वाटून टाकले. राष्ट्राच्या पहिल्या अध्यक्षाने काय बोलायचे टाळले, हे आज त्या विखुरलेल्या तुकड्यांवरून जुळवावे लागते. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संपादकांना वॉशिंग्टन यांच्या पत्रव्यवहाराच्या प्रती जगभरच्या ग्रंथालयांतून आणि खासगी संग्रहांतून गोळा कराव्या लागल्या, त्यामागे अशीच पांगापांग आहे.

स्प्रेगने या छंदाला आणखी एक वळण दिले. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या ५६ जणांचा पूर्ण संच जमवणारा तो पहिला मानला जातो. संच म्हटले की बाजाराचे गणित बदलते. जेफरसन, फ्रँकलिन यांनी आयुष्यभर पत्रे लिहिली, ती मिळतात. जॉर्जियाचे बटन ग्विनेट मात्र सही केल्यावर वर्षही पुरते जगले नाहीत. मे १७७७ मध्ये लॅकलन मॅकिंटॉश यांच्याशी झालेल्या द्वंद्वात त्यांना गोळी लागली. त्यांच्या अवघ्या पन्नासएक सह्या ज्ञात आहेत. १९२७ मध्ये त्यांच्या सहीच्या एका पत्राला लिलावात ५१,००० डॉलर आले. इतिहासात ज्याचे काम थोडे त्याची सही महाग, हे मला खटकते.

मागणी वाढली तसे बनावट कागद आलेच. फिलाडेल्फियात रॉबर्ट स्प्रिंग नावाचा इसम जुन्या पुस्तकांची कोरी पाने वापरून वॉशिंग्टन यांचे परवाने आणि धनादेश लिहीत असे. पुढे त्याने इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकांसाठी यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेले जनरल ‘स्टोनवॉल’ जॅक्सन यांची हलाखीत सापडलेली मुलगी उभी केली. ती म्हणे वडिलांची पत्रे विकत होती. जॅक्सन यांच्या मागे उरलेली एकुलती मुलगी १८६२ मध्ये जन्मलेली, म्हणजे तेव्हा लहानगी.

फसवणुकीचा हेतू नसतानाही सही परकी असू शकते. जमिनीच्या सनदांवर अध्यक्षांच्या वतीने चिटणिसाने सही करावी, असा कायदा १८३३ मध्ये झाला. तेव्हा पदावर असलेल्या अँड्र्यू जॅक्सन यांच्या आधीच्या सनदांवर अध्यक्षांचा हात दिसतो. नंतरच्यांवर लिंकन असे नाव असले तरी अक्षर कारकुनाचे. केनेडींच्या काळापर्यंत तर हे काम यंत्राकडे गेले. त्यांच्या यांत्रिक सह्यांचे नमुने ओळखायला हस्ताक्षरांचे जाणकार चार्ल्स हॅमिल्टन यांना १९६५ मध्ये पुस्तक लिहावे लागले.

या छंदाचे सर्वांत उजळ पर्व यादवी युद्धातले. जखमी सैनिकांसाठी निधी उभारणाऱ्या जत्रांमध्ये हस्तलिखिते विकायला ठेवली जात. लिंकन यांनी गुलाममुक्तीच्या अंतिम जाहीरनाम्याचा स्वहस्ते लिहिलेला मसुदा १८६३ मध्ये शिकागोच्या जत्रेला दिला; त्याला ३,००० डॉलर आले. फिलाडेल्फियात १८६४ मध्ये छापील जाहीरनाम्याच्या ४८ प्रतींवर त्यांनी सही केली आणि एकेक प्रत १० डॉलरला विकायला निघाली. कागदाचा लोभ जखमांच्या मलमपट्टीला लागला, याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

शिकागोचा मसुदा १८७१ च्या आगीत जळाला. उरल्या त्या त्यावरून आधीच काढलेल्या शिळाछाप प्रती. सप्टेंबर १८६२ च्या प्राथमिक जाहीरनाम्याचा मसुदा आल्बनीच्या जत्रेत सोडतीला लागला होता. तो गुलामगिरीविरोधी चळवळीतले गेरिट स्मिथ यांना मिळाला आणि न्यूयॉर्क राज्याने विकत घेतला. १९११ मध्ये तिथल्या राज्य ग्रंथालयाला आग लागून लाखो पुस्तके गेली. हा मसुदा वाचला आणि आजही राज्याच्याच ताब्यात आहे.