कर्नाळा राहिलं, कारण 1968 साली रेघ मारली गेली

मंडळी, जरा लांबची पोस्ट आहे, पण वाचा. पावसाळी रविवार सुरू झालेत आणि द्रोणागिरीतल्या प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर एकच प्रश्न, "जवळपास कुठं जायचं?" उत्तर ठरलेलं: कर्नाळा. जेएनपीटी रोडला ट्रेलरची रांग नसेल तर पळस्पे फाट्यावरून तासाभरात अभयारण्याच्या दारात. (रांग असेल तर देव जाणे.) दोन तास फिरायचं, फोटो काढायचे, येताना पनवेलला वडापाव. मीही तेच करतो. पण तो डोंगर तसाच कसा राहिला, हे माहीत असायला हवं. आपल्या उरणच्या जमिनीशी त्याचा संबंध आहे.

कर्नाळा किल्ला मुळात रस्त्यासाठीच. कोकणच्या बंदरांतून घाटाकडे जाणारा माल त्याच्या नजरेखालून जायचा. म्हणून तो सगळ्यांनाच हवा होता: यादव, गुजरातचे सुलतान, निजामशाही, मधे पोर्तुगीजही. 1665 च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी मोगलांना दिलेल्या 23 किल्ल्यांत हा होता, आणि 1670 मध्ये स्वराज्यात परत आला. सव्वाशे फुटांच्या सुळक्याच्या पायाशी खोदलेली पाण्याची टाकी आजही बघायला मिळतात. वर मधमाश्यांची पोळी आहेत, तेव्हा तिथं आरडाओरडा नको, हात जोडून सांगतो.

1818 मध्ये कर्नल प्रॉथरने किल्ला घेतला. त्याआधीचे इथले किल्लेदार अनंतराव फडके. त्यांचे नातू म्हणजे आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके, जन्म 4 नोव्हेंबर 1845, गाव शिरढोण. कर्नाळ्याला जाताना हे गाव आपण चौथ्या गिअरमध्ये मागे टाकतो. पुढच्या वेळी दहा मिनिटं थांबा. या हिरव्या डोंगराखाली जन्मलेला माणूस 17 फेब्रुवारी 1883 रोजी एडनच्या तुरुंगात गेला. एडन म्हणजे खारा वारा आणि उघडे काळे खडक, पाऊस नावालाच. आपण वाळवंट बघायला हौसेने जैसलमेर गाठतो. त्यांना इंग्रजांनी शिक्षा म्हणून तिकडे धाडलं होतं.

आता मुद्द्याचं. कर्नाळा पक्षी अभयारण्य जाहीर झालं 1968 मध्ये. तेव्हा आपला जिल्हा रायगड नव्हता, कुलाबा होता. देशाचा वन्यजीव संरक्षण कायदाही अजून यायचा होता, तो 1972 चा. क्षेत्र किती? फक्त 4.48 चौरस किलोमीटर. जैसलमेरकडचं डेझर्ट नॅशनल पार्क 3,162 आहे, म्हणजे त्याच्यापुढे हे अंगणच. पण त्या अंगणाभोवती कागदावर एक रेघ आली. पुढे 2003 च्या सुमारास ती वाढवून 12.11 चौरस किलोमीटर केली.

ही रेघ मारल्यावर दोनच वर्षांनी, 17 मार्च 1970 ला, सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण मिळून 95 गावं नव्या शहराच्या नकाशात गेली. भातशेती गेली, मिठागरं गेली. जानेवारी 1984 मध्ये जासई-पागोट्याला पाच जणांनी रक्त सांडलं, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांची वाट मोकळी झाली, दि. बा. पाटलांचं नाव त्यासाठीच घेतो आपण. या सगळ्या काळात डोंगरांना मात्र कोणी वाली नव्हता. उलव्याचा डोंगर विमानतळासाठी कापला गेला, आपल्या डोळ्यांदेखत. त्याच्या नावावर कुठली रेघ नव्हती.

अर्थात रेघ मारली म्हणजे झालं असंही नाही. ज्या रस्त्यामुळे किल्ला बांधला, तोच रस्ता आता अभयारण्याच्या पोटातून जातो. आधी एनएच 17, आता 66. पनवेल-इंदापूर 84 किलोमीटरचं चौपदरीकरण 2011 पासून सुरू झालं, त्याची रडकथा तुम्हाला मी काय सांगू. अभयारण्यातल्या झाडांचा प्रश्न त्यातच अडकला होता. पावसाच्या तोंडावर इथं तिबोटी खंड्या येतो, मूठभर जीव, निळा-केशरी. ओढ्याकाठच्या मातीत बीळ करून पिल्लं काढतो. त्याच्या ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर कंटेनर हॉर्न मारत जातात. आणि फोटोसाठी बिळासमोर गर्दी करणारेही आपलेच.

शेवटी घरचं. पक्षी बघायला आपण गाडी काढून कर्नाळ्याला जातो, पण पाणजे पाणथळ आपल्या द्रोणागिरीतच आहे. सुमारे 289 हेक्टर. फ्लेमिंगो तिथं येतात, कारण भरतीचं पाणी आत येतं. पाणी अडवलं की चिखल सुकतो आणि पक्षी जातात, इतकं साधं गणित आहे. नोडच्या नकाशात मात्र तिथं सेक्टरचे आकडे आहेत. पर्यावरणवाले वर्षानुवर्षं तक्रारी करतायत, आपण बाल्कनीतून बघतोय.

पाणजे, डोंगरी, फुंडे इथल्या जुन्या मंडळींकडे त्या खाजणाचे 1984 च्या आधीचे फोटो, सात-बारा, काहीही असेल तर कमेंटमध्ये टाका किंवा मला मेसेज करा. कर्नाळ्याचेही चालतील, विशेषतः महामार्ग एकपदरी असतानाचे.