लोहाची कणगी

कोविडच्या काळात फेरिटिन हा शब्द घराघरांत पोहोचला. रिपोर्टमधला आकडा वर गेला की नातेवाईक हादरत. आज तोच शब्द थकव्याच्या तक्रारीत ऐकू येतो, आणि तिथे आकडा खाली गेला म्हणून काळजी असते. एकाच आकड्याची दोन्ही बाजूंनी भीती का वाटावी, हा आपला आजचा प्रश्न. तो वैद्यकाचा आहे हे खरं, पण त्याचं उत्तर इतिहासातून गेल्याशिवाय नीट कळत नाही, असं आम्हाला वाटतं.

रक्त आणि लोह यांचं नातं जुनं आहे. चरकसंहितेत पांडुरोगावर मंडूर, म्हणजे लोखंडाचा जुना कीट, सांगितला आहे. सतराव्या शतकात इंग्लंडात सिडनम फिकट पडलेल्या रोग्यांना लोहाची औषधं देत होता. १७४६ मध्ये बोलोन्याच्या मेंगिनीने रक्ताची राख लोहचुंबकाकडे ओढली जाते हे दाखवलं. १८६७ मध्ये पर्ल्सने ऊतींमधलं लोह निळ्या रंगात उमटवण्याची पद्धत दिली, ती आजही चालते. म्हणजे लोह अंगात आहे हे ठाऊक होतं. पण शरीर ते ठेवतं कुठे, आणि कशात?

इथे आपल्याला १९३७ या सालापाशी थांबायला हवं. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या, एकमेकींशी संबंध नसताना. लंडनमध्ये मॅकन्स आणि विडोसन या जोडीने लोहाचा जमाखर्च मांडला. आत किती गेलं, बाहेर किती आलं. निष्कर्ष चकित करणारा होता: जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात जवळजवळ नाहीच. मीठ जास्त झालं तर मूत्रपिंड ते काढून टाकतं. लोहाला असं दारच नाही. जे काही नियंत्रण आहे ते आत घेतानाच. आपल्या अंगात तीन ते चार ग्रॅम लोह असतं आणि रोज आत येतं ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. बाकी सगळा कारभार जुन्या लाल पेशी मोडून निघालेल्या लोहावर.

त्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियातल्या विलेम लाउफबेर्गर यांनी घोड्याच्या प्लीहेतून एक प्रथिन वेगळं काढलं. कॅडमियम सल्फेट घातलं की त्याचे तपकिरी स्फटिक जमत. कोरड्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त लोह! त्याला त्यांनी नाव दिलं फेरिटिन. निबंध फ्रेंचमध्ये छापला. दोनच वर्षांनी नाझींनी चेक विद्यापीठं बंद केली. पुढचं महत्त्वाचं काम न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये झालं, लिओनोर मिखाएलिस आणि सॅम ग्रॅनिक यांच्या हातून.

त्यांनी केलेला एक प्रयोग आम्हा तत्त्वज्ञानाच्या लोकांना फार आवडतो. त्यांनी फेरिटिनमधलं सगळं लोह काढून घेतलं. प्रथिन रंगहीन झालं, पण त्याचे स्फटिक पूर्वीसारख्याच आकाराचे! भरलेलं आणि रिकामं, दोन्हींची घडण एक. आपल्याकडच्या दर्शनांना घटाचं उदाहरण किती प्रिय आहे हे तुम्ही जाणता. इथे तो घट प्रयोगशाळेतच सापडला. पुढे कळलं की चोवीस तुकड्यांनी बनलेला हा पोकळ गोळा आहे, आणि त्यात सुमारे साडेचार हजार लोहाचे अणू मावतात. कणगीची उपमा आम्हाला बरी वाटते. धान्य उघड्यावर टाकलं तर त्याची नासाडी होते. लोह मोकळं राहिलं तर ते पेशीचीच नासाडी करतं, कारण त्याच्यामुळे पेशी जाळणारे रेणू तयार होतात. बाहेर टाकता येत नाही आणि मोकळं ठेवता येत नाही, अशा मालाला कणगीच हवी.

आता ग्रॅनिकची एक कल्पना पाहू. आतड्याच्या पेशीतली कणगी भरली की लोह आत येणं थांबतं, असं त्याने १९४६ मध्ये मांडलं. मांडणी सुरेख होती, म्हणूनच ती बराच काळ टिकली. पण नियंत्रणाची मुख्य किल्ली यकृतात निघाली: हेप्सिडिन नावाचा संप्रेरक, आणि तोही २००० सालाच्या सुमारास उजेडात आला.

१९७२ पर्यंत साठा मोजायचा तर हाडात सुई घालून मज्जा काढावी लागे. त्या वर्षी कार्डिफच्या गटाने रक्तद्रवातलं अत्यल्प फेरिटिन मोजण्याची चाचणी प्रसिद्ध केली. निरोगी माणसात हा आकडा साठ्याप्रमाणे बदलतो. पण संसर्ग किंवा दाह असला की साठा न वाढताही तो चढतो. कोविडमधली भीती या दुसऱ्या अर्थाची होती. म्हणून जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढात लिटरला १५ मायक्रोग्रॅमखाली साठा संपला म्हणते, आणि दाह असेल तर तीच रेघ ७० वर नेते. आकडा तोच राहिला तरी त्याचा अर्थ बदलतो.

याचा आपल्याशी थेट संबंध आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया असल्याचं नोंदलं गेलं. पण तिथे मोजलं जातं हिमोग्लोबिन. लोह कमी पडू लागलं की आधी कणगी रिकामी होते, हिमोग्लोबिन मागाहून उतरतं. म्हणजे ‘हिमोग्लोबिन ठीक आहे’ असं सांगून घरी पाठवलेल्या बाईची कणगी कधीच खडखडीत झालेली असू शकते, आणि तिचा थकवा आळसात जमा होतो. हा अन्याय आहे, असं आम्ही स्पष्ट म्हणू.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. पेंबा बेटावर, जिथे मलेरिया फार, लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक ॲसिड दिलं गेलं. २००६ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेला निष्कर्ष असा, की त्या मुलांत गंभीर आजार आणि मृत्यू वाढले. आणि आपल्याकडे २०१६ ते १८ च्या पोषण सर्वेक्षणात फेरिटिन मोजलं गेलं, तेव्हा एक ते चार वर्षांच्या मुलांत ॲनिमिया ४१ टक्के आणि लोहाची कमतरता ३२ टक्के आढळली. शिवाय शहरांतल्या मुलांत लोहाची कमतरता खेड्यांपेक्षा जास्त निघाली. आपल्या मनातलं चित्र याच्या नेमकं उलट असतं. गोळी कुणाला द्यायची हे ठरवताना आधी कणगीत डोकावलं पाहिजे, आणि ती चाचणी आजही गावच्या उपकेंद्रात सहजी होत नाही.