गाठ काढल्यावर बोलता येईल का? वाचेच्या भाकिताचा इतिहास

मेंदूच्या डाव्या बाजूची गाठ काढली तर रुग्णाच्या बोलण्याचे काय होईल, हे आधीच सांगता यावे यासाठीची धडपड शतकाहून जुनी आहे. तिची सुरुवात मात्र शवविच्छेदनाच्या टेबलावर झाली. १८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा रुग्ण वारला. कित्येक वर्षे त्याच्या तोंडून ‘टॅन’ एवढेच अक्षर निघत असे. दुसऱ्याचे बोलणे मात्र त्याला बरेचसे कळे. पॉल ब्रोका यांना त्याच्या डाव्या कपाळखंडाच्या मागच्या भागात इजा आढळली. १८७४ मध्ये ब्रेस्लाऊ शहरात कार्ल वेर्निके यांनी वाचाघाताचा दुसरा प्रकार मांडला. त्यात रुग्ण अडखळत नाही, सरसर बोलतो, पण बोलण्यात अर्थ नसतो आणि समोरच्याचे शब्दही त्याला उमगत नाहीत. या प्रकारातली इजा डाव्या कानशिलाकडच्या खंडात, मागच्या बाजूला होती.

या दोन शोधांमुळे डॉक्टरांच्या हाती एक नकाशा आला. लक्षणांवरून जागा ओळखायची, ही पद्धत रुळली. २५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली यांनी एका तरुणाच्या मेंदूतली गाठ काढली, ती ह्यूज बेनेट यांनी केवळ लक्षणांवरून सांगितलेल्या ठिकाणी. गाठ तिथेच सापडली. जंतुसंसर्गामुळे रुग्ण मात्र महिन्याभरात दगावला. सर्जनपुढचा प्रश्न लक्षणांवरून जागा ओळखण्याच्या नेमका उलटा असतो. जागा त्याच्या डोळ्यांसमोर असते, ती कापल्यावर कोणते लक्षण उद्भवेल हे त्याला हवे असते. मोजक्या मृत मेंदूंवरून काढलेला नकाशा या कामी अपुरा होता, आणि गाठ वाढताना शेजारचा भाग ढकलत असल्याने तो आणखीच फसवा ठरे.

वाट सापडली ती विजेमुळे. १८७० मध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला सौम्य विद्युतप्रवाह देऊन स्नायू हलवून दाखवले होते. १९०९ मध्ये हार्वे कुशिंग यांनी जाग्या रुग्णांच्या मेंदूवर अशी उत्तेजना दिल्याचे प्रसिद्ध केले. मेंदूच्या पेशीजालाला स्वतःला वेदना होत नाही, त्यामुळे डोक्याची त्वचा बधिर केली की रुग्णाला जागे ठेवून कवटी उघडता येते. ब्रेस्लाऊमध्येच ऑटफ्रिड फोर्स्टर हे करत होते. वाइल्डर पेनफिल्ड १९२८ मध्ये तिथे शिकायला गेले आणि पुढे १९३४ मध्ये माँट्रियलमध्ये उघडलेल्या संस्थेत त्यांनी या पद्धतीला शिस्त लावली. उत्तेजनेला प्रतिसाद मिळाला की त्या जागी आकड्याची छोटी चिठ्ठी ठेवायची आणि अखेरीस छायाचित्र घ्यायचे, असा त्यांचा क्रम होता.

पेनफिल्ड यांचे रुग्ण बहुतांशी अपस्माराचे होते, पण त्यांच्याकडून मिळालेला धडा गाठींच्या शस्त्रक्रियेला तंतोतंत लागू पडला. वीज हात हलवते, पण वाक्य बोलायला लावत नाही; चालू असलेले बोलणे ती थांबवते. एका रुग्णाला उत्तेजना चालू असताना फुलपाखराचे चित्र दाखवले. त्याला ते ओळखू आले, पण नाव सुचेना, आणि तो चिडून चुटक्या वाजवू लागला. इलेक्ट्रोड उचलताच शब्द परतला. मधल्या वेळात आपण पतंगाचे नाव आठवून पाहत होतो, तेही सापडले नाही, असे त्याने सांगितले. भाकिताचे खरे साधन हेच होते: ऊतक कापण्याआधी ते काही सेकंद निकामी करून नुकसान पाहून घ्यायचे.

भाषा कोणत्या बाजूला आहे, हेही गृहीत धरून चालत नसे. जपानमध्ये जून वाडा यांनी १९४९ मध्ये मानेतल्या धमनीतून अमायटल हे गुंगीचे औषध देऊन मेंदूची एक बाजू काही मिनिटे झोपवण्याची चाचणी मांडली. रुग्ण हात वर धरून आकडे मोजतो. विरुद्ध बाजूचा हात खाली पडतो, आणि झोपवलेली बाजू भाषेची असेल तर मोजणीही थांबते. माँट्रियलमधल्या अशा चाचण्यांतून उजव्या हाताने काम करणाऱ्या सुमारे ९६ टक्के लोकांची भाषा डावीकडे असल्याचे दिसले. डावखुऱ्यांत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास होते.

पाठ्यपुस्तकातल्या नकाशाला सर्वांत मोठा धक्का सिॲटलच्या जॉर्ज ओजेमन यांनी दिला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११७ रुग्णांच्या अभ्यासात नाव सांगण्यासाठी अत्यावश्यक जागा बहुधा एक-दोन चौरस सेंटिमीटरच्या निघाल्या, आणि त्या माणसागणिक वेगळ्या ठिकाणी होत्या. ब्रोका किंवा वेर्निके यांच्या क्षेत्राजवळ गाठ आहे, एवढ्यावरून भाकीत करणे म्हणजे सरासरी माणसाबद्दल बोलणे होते; समोरच्या रुग्णाबद्दल त्यातून फारसे कळत नव्हते. १९९४ मध्ये कानशिलखंडातल्या गाठींच्या अभ्यासातून हाताशी धरण्याजोगा निकष मिळाला: कापणीची कडा आणि सर्वांत जवळची भाषेची जागा यांत एक सेंटिमीटरहून अधिक अंतर राहिले, तर कायमचा दोष टळण्याची शक्यता खूप वाढते.

पुढे सॅन फ्रान्सिस्कोतील गटाने २००८ मध्ये ग्लायोमा या प्रकारच्या मेंदूतल्या गाठीच्या २५० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने पाचांतल्या एकाहून अधिक रुग्णांचे बोलणे बिघडलेले किंवा आणखी बिघडलेले होते. सहा महिन्यांनी हयात असलेल्या २४३ जणांपैकी केवळ चौघांत, म्हणजे १.६ टक्क्यांत, शस्त्रक्रियेमुळे आलेला दोष टिकून राहिला. कुटुंबाला हा फरक आधी समजावून सांगितला, तर पहिल्या आठवड्यातले मौन पाहून ते खचत नाही.

१९९० च्या दशकात फंक्शनल एमआरआय आले आणि कवटी न उघडता भाषेचे चित्र दिसू लागले. परंतु बोलताना उजळणारी प्रत्येक जागा अत्यावश्यक असतेच असे नाही, आणि गाठीमुळे रक्तप्रवाह बिघडला तर महत्त्वाची जागा उजळतही नाही. त्यामुळे हे चित्र शस्त्रक्रियेची आखणी करायला उपयोगी पडते, जाग्या रुग्णाच्या उत्तराची जागा घेत नाही. तंतूंची दिशा दाखवणारे डिफ्यूजन एमआरआय अधिक मोलाचे ठरले, कारण फ्रान्समधील ह्यूग द्यूफो यांच्या कामाने लक्ष पृष्ठभागावरून खालच्या पांढऱ्या तंतूंकडे वळवले होते. एका जुडग्याला उत्तेजना दिली तर ध्वनी चुकतात, दुसऱ्याला दिली तर अर्थ चुकतो. गाठ सावकाश वाढणारी असेल, तर पृष्ठभागाचे काम शेजारचे किंवा दूरचे भाग हळूहळू उचलतात. तंतू तुटले तर मात्र अशी भरपाई फार कमी होते. म्हणून गाठ आणि हे तंतू यांतले अंतर, गाठीची वाढ आणि शस्त्रक्रियेपूर्वीचे बोलणे या गोष्टी आजच्या अंदाजात एकत्र धरल्या जातात.

चाचणी कोणत्या भाषेत घ्यायची, हा प्रश्न १९७८ मध्येच पुढे आला. ओजेमन आणि व्हिटेकर यांना दोन द्विभाषिक रुग्णांत काही जागा दोन्ही भाषांच्या, तर काही एकाच भाषेच्या आढळल्या. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णाची तपासणी फक्त इंग्रजी चित्रयादीवर उरकली, तर घरच्या भाषेबद्दलचे भाकीत अपुरेच राहते. त्यासाठी चित्रे रुग्णाच्या ओळखीची लागतात, आणि आदल्या दिवशी त्याला ज्यांची नावे बिनचूक सांगता आली, तेवढीच शस्त्रक्रियागृहात नेली जातात.