विमानांच्या कारखान्यातील होड्या

गोव्यात दाबोळी विमानतळालगत, बोगमाळोच्या वाटेवर, नौदलाचे विमान-संग्रहालय आहे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात ‘फेअरी फायरफ्लाय’ जातीचे एक विमान मांडलेले आहे. तोफांच्या सरावासाठी हवेतून लक्ष्य ओढून नेण्याकरिता भारतीय नौदलाने १९५० च्या दशकात अशी काही विमाने घेतली होती. ‘फायरफ्लाय’ म्हणजे काजवा. याच कंपनीच्या याच नावाची एक होडीही होती, हे मात्र पाहणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

रिचर्ड फेअरी यांनी १९१५ मध्ये विमानांची कंपनी काढली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, हॅम्बल नदीच्या मुखाशी, तिची एक कार्यशाळा होती. कंपनीच्या ‘स्वोर्डफिश’ विमानांनी नोव्हेंबर १९४० मध्ये तारांतो बंदरात इटलीच्या आरमाराला जबर तडाखा दिला आणि मे १९४१ मध्ये ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेचे सुकाणू निकामी केले. युद्धाचे इतिहास येथवर सांगतात आणि थांबतात. युद्ध संपल्यावर विमानांची मागणी ओसरली, तेव्हा या कारखान्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

हॅम्बल येथे १९४६ मध्ये ‘फेअरी मरीन’ उभी राहिली. फेअरी स्वतः शिडाच्या नौकांचे मोठे शौकीन. ‘शॅमरॉक ५’ ही नामांकित शर्यती नौका काही काळ त्यांच्याच मालकीची होती. धन्याची हौस आणि कारखान्याची निकड यांचा असा मेळ क्वचितच बसतो.

आराखडे दिले उफा फॉक्स यांनी. विमानातून छत्रीच्या आधारे समुद्रात सोडायची जीवरक्षक होडी युद्धकाळात त्यांनीच रचली होती. बांधणीची रीत लाकडी विमानांच्या बांधणीशी नाते सांगणारी होती. भरीव साच्यावर आग्बा या आफ्रिकी लाकडाचे पातळ पापुद्रे तिरपे, एकावर एक आडवे-उलटे, सरस लावून बसवीत; वर रबराची पिशवी ओढून आतली हवा काढून घेत आणि सारे वाफेच्या बंद भट्टीत शिजवीत. बाहेर येई ते होडीचे सलग, सांधा नसलेले, हलके कवच! फळ्या ठोकून होडी करणाऱ्या जुन्या सुतारांना हे खचित नवलाचे वाटले असेल.

१२ फुटी ‘फायरफ्लाय’ ही या रीतीची पहिली यशस्वी होडी. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये टॉर्की येथे एकट्याने हाकारायच्या होड्यांच्या शर्यतीसाठी तीच निवडली गेली. वस्तुतः ती दोघांची होडी. पहिल्याच फेरीत माघार घेतलेला डेन्मार्कचा वीस वर्षांचा पॉल एल्व्हस्ट्रॉम अखेर सुवर्णपदक घेऊन गेला. पुढे आणखी तीन ऑलिंपिकांत त्याने तोच पराक्रम केला.

मग ‘स्वोर्डफिश’ आणि १९५४ मध्ये ‘अल्बाकोर’ या होड्या आल्या. दोन्ही नावे कंपनीच्या युद्धकालीन विमानांचीच, आणि विमानांना ती मिळाली होती माशांवरून. म्हणजे नावे समुद्रातून आकाशात जाऊन पुन्हा समुद्रात परतली! कंपनीच्या वेगवान मोटारबोटी तर १९६३ च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या जेम्स बाँडपटातील पाठलागात दिसतात.

ही रीत मागे पडली ती फायबरग्लासमुळे. लाकडात उणीव होती असे नव्हे. पापुद्रे बसविणाऱ्या हातांचा वेळ महाग झाला, एवढेच. १९६० मध्ये फेअरींचा विमानव्यवसाय वेस्टलँडकडे गेला आणि १९७७ मध्ये मूळ फेअरी समूह आर्थिक अडचणींनी कोसळला. फायरफ्लायही पुढे फायबरग्लासची होऊ लागली. तरी भट्टीतून निघालेल्या त्या जुन्या होड्यांपैकी काही, वारनिशाचे हात घेत घेत, आजही इंग्लंडच्या शर्यतींत उतरतात.