आयएनएस गुलदार : समुद्रतळाशी जाणारे युद्धजहाज, अन् ते पाहायला जाण्याआधी काय माहीत असावे

भंडारा : गुलदार म्हणजे हिंदीत बिबट. आपल्याकडे बिबट बांधावर दिसला की अख्खं गाव जागं राहते. सिंधुदुर्गातला गुलदार मात्र लोखंडाचा आहे. नौदलाचे हे जुने जहाज वेंगुर्ला तालुक्यातील निवती रॉकजवळ समुद्रात बुडवायचे आणि पर्यटकांनी पाण्याखाली जाऊन ते पाहायचे, अशी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची योजना आहे. त्यासाठी केंद्राकडून ४६.९१ कोटी रुपये मंजूर आहेत.

जहाज पोलंडमध्ये बांधलेले, सुमारे ८४ मीटर लांब. रणगाडे आणि जवान थेट किनाऱ्यावर उतरवणे हे त्याचे काम होते. ३० डिसेंबर १९८५ ला ते नौदलात आले, १२ जानेवारी २०२४ ला पोर्ट ब्लेअर येथे निवृत्त झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये महामंडळाच्या ताब्यात आले.

चांगले लोखंड बुडवायचे कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. वैनगंगेवर जाळे टाकणाऱ्या ढिवर बांधवांना त्याचे उत्तर ठाऊक आहे. पाण्यात झाडाचे खोड पडले की त्याच्या आडोशाला मासे जमतात. समुद्रातही तसेच. लोखंडावर आधी शेवाळ, मग शिंपले, प्रवाळ चिकटतात, मागोमाग मासे येतात. यालाच कृत्रिम प्रवाळभित्ती म्हणतात. अमेरिकेने २००६ मध्ये ओरिस्कनी हे विमानवाहू जहाज फ्लोरिडाजवळ याच हेतूने बुडवले. पण बुडवण्याआधी तेल, वायरी, विषारी रंग काढावेच लागतात, नाहीतर तेच विष माशांत जाते. शिवाय अशा सांगाड्यात जाळी अडकून फाटतात. तिथल्या मच्छीमारांना विचारल्याशिवाय असे काम होऊ नये.

मालवण-तारकर्लीला स्कूबा आजही चालते. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक हाताला धरून काही मीटर खाली नेतो. बुडालेले जहाज पाहणे मात्र वेगळे काम आहे. त्यासाठी रीतसर प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागते, जहाजाच्या आत शिरायचे तर आणखी वेगळे. १० मीटर खाली दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. तिथे श्वास रोखून वर आले तर छातीतली हवा फुगून फुप्फुस फाटू शकते. म्हणून पहिला नियम एकच : श्वास कधीच रोखायचा नाही. कान दुखले की तिथेच थांबायचे, प्रशिक्षकाला खूण करायची.

दमा, हृदयविकार, मिरगी, कानाचा आजार असेल किंवा पोटात बाळ असेल तर उतरू नये. पूर्व विदर्भासाठी महत्त्वाचे म्हणजे सिकलसेल. हा आजार असलेल्याने स्कूबा टाळावे. नुसता वाहक असला तरी आधी डॉक्टरांना विचारावे. फॉर्मवर आजार लपवून सही करणारे पुष्कळ असतात, तो शहाणपणा नव्हे.

असेच काही गोसीखुर्दमध्ये का करू नये, असे कुणी विचारेल. स्कूबाला स्वच्छ, आरपार दिसणारे पाणी लागते. आपल्या जलाशयात नाग नदीतून नागपूरचे सांडपाणी येते, वर जलपर्णी. हातभर अंतरावरचे दिसणार नाही.

पावसाळ्यात कोकणात डायव्हिंग बंद असते, म्हणून ऑक्टोबर ते मे या काळातच जावे. परत विमानाने यायचे असेल तर शेवटच्या डुबकीनंतर किमान १८ तास थांबावे.